दूषित पाण्याचे दावे व नकाशाचा पुरावा

जमिनीच्या वादांत नकाशाचें काय वजन असतें, हें आपल्या शेतकरी बंधूंस नव्यानें सांगावयास नको. धुऱ्याचा तंटा उपस्थित झाला म्हणजे दोन्ही पक्ष शेवटीं मोजणीदाराकडे वळतात, आणि नकाशावरून जी रेषा निघेल तिच्यापुढें मोठमोठ्या वाक्पटूंसही मान तुकवावी लागते. परंतु अलीकडे तंट्याची एक निराळी जात वाढीस लागली आहे. तींत धुरा कोणीं सरकविलेला नसतो. धुऱ्यावरून पाणी मात्र येतें, आणि त्या पाण्याबरोबर राख, तेलकट तवंग किंवा कारखान्याचा कुजट वास येतो. पीक बसतें, विहिरीच्या पाण्यास गुरें तोंड लावीत नाहींत, आणि तक्रार केली असतां तीन प्रश्न पुढें येतात. हें पाणी आमचेंच कशावरून? तें तुमच्याच शेतांत आलें कशावरून? आणि आलें तें केव्हां?

यांपैकीं शेवटच्या दोन प्रश्नांचें उत्तर चांगला नकाशा देऊं शकतो. पहिल्याचें उत्तर तो एकटा देऊं शकत नाहीं. हा भेद ध्यानांत न आल्यामुळें कित्येक खरे दावे बुडतात, म्हणून त्याविषयीं थोडें विस्तारानें लिहिण्याचें योजिलें आहे.

एका अर्जाची हकीकत

प्रस्तुत लेखकानें महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां असें एक प्रकरण जवळून पाहिलें. एका नाल्याच्या वरच्या अंगास धानाची गिरणी होती व तींत उसना तांदूळ तयार होत असे. धान उकडल्यानंतरचें पाणी नाल्यांत सुटूं लागल्यापासून खालच्या दोघां भावांच्या बांध्यांत काळपट, आंबूस वासाचें पाणी शिरूं लागलें. तीन एकरांतील धान लोंबी धरण्यापूर्वींच पिवळें पडलें. भावांनीं मोबाईलवर पंधरावीस छायाचित्रें घेतलीं, एका बाटलींत पाणी भरून ठेविलें आणि अर्ज दिला.

चौकशीच्या वेळीं छायाचित्रें निघालीं तीं पुतण्याच्या मोबाईलांत, संदेशाच्या ॲपवरून आलेलीं. मूळ मोबाईल तोंपर्यंत विकला गेला होता. पंचनाम्यांत 'नाल्यालगतचें शेत' एवढेंच लिहिलेलें. खसरा क्रमांक नाहीं, पाण्याचा ओघ कोणत्या दिशेस तें नाहीं. बाटलींतील पाणी कोणीं, कोठें व केव्हां भरलें, यास त्या दोघांवांचून साक्षीदार नाहीं. अर्ज पुराव्याअभावीं निकालीं निघाला. धाकट्या भावानें पुढच्या वर्षीं आपल्या हिश्श्याची बांधी पडीत ठेविली व तो मजुरीकरितां नागपुरास गेला. त्यांचें म्हणणें खोटें आहे, असें त्या कचेरींत कोणासही वाटत नव्हतें. परंतु खरें असणें निराळें आणि खरें ठरणें निराळें. तो कागद मींच फाईलीस लावला, म्हणून तो अद्याप आठवतो.

नकाशा काय दाखवितो

१८५४ सालीं लंडन शहराच्या सोहो भागांत पटकीची सांथ आली. डॉ. जॉन स्नो यांनीं ज्या ज्या घरीं मृत्यू झाले तीं घरें नकाशावर मांडलीं, तेव्हां खुणांची दाटी ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोंवतीं दिसून आली. परंतु ते तेथेंच थांबले नाहींत. पंपाजवळच्या मद्याच्या कारखान्यांतील कामगार कां वांचले, आणि दूर रहाणारी एक वृद्ध बाई कां दगावली, याचाही त्यांनीं शोध घेतला. कामगार त्या पंपाचें पाणी पीत नसत. बाई मात्र तेंच पाणी मुद्दाम मागवून घेत असे. नकाशानें बोट दाखविलें व चौकशीनें तें खरें केलें. आजच्या यंत्रयुगांतही या कामाची रीत हीच आहे.

डिजिटल नकाशा म्हणजे ज्यांतील प्रत्येक बिंदूस अक्षांश व रेखांश जोडलेले आहेत असा नकाशा होय. आपण पूर्वीं मेणकापडावर गांव-नकाशाची नक्कल उतरून ती दुसऱ्या नकाशावर ठेवून पहात असूं. येथें तेंच काम संगणक करतो. एका थरांत खसऱ्यांच्या हद्दी, दुसऱ्यांत नाले व बोड्या, तिसऱ्यांत उपग्रहानें घेतलेलें चित्र, चवथ्यांत पाण्याचे नमुने घेतल्याचीं ठिकाणें, असे थर एकावर एक ठेवतां येतात. त्यांतून कोणत्या खसऱ्यांत, नाल्याच्या कोणत्या अंगास व कोणत्या तारखेच्या सुमारास फरक पडला, तें डोळ्यांस दिसतें.

उपग्रहाचीं चित्रें

युरोपांतील देशांनीं सोडलेले सेंटिनेल-२ या नांवाचे उपग्रह २०१५ पासून पृथ्वीचीं चित्रें घेत आहेत व तीं कोणासही विनामूल्य मिळतात. आकाश निरभ्र असल्यास सुमारें पांच दिवसांच्या अंतरानें त्याच जागेचें नवें चित्र मिळूं शकतें. त्यांतील अत्यंत बारीक चौकोन जमिनीवर दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद असतो. म्हणजे शंभर चौरस मीटर, अर्थात् आपल्या सात-बारावरील बरोबर एक आर. एका एकरांत असे सुमारें चाळीस चौकोन बसतात. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचीं चित्रें त्याहून जाडीं, तीस मीटरांचीं, म्हणजे एका चौकोनांत नऊ आर. परंतु ती मालिका १९७२ पासूनची असल्यामुळें जुन्या गोष्टींस तीच उपयोगी पडते. आपल्या देशाच्या अवकाश संस्थेचें 'भुवन' हें संकेतस्थळ २००९ पासून चालू आहे.

या हिशेबावरून एक गोष्ट लक्षांत येईल. आपल्या भागांत चार आरांची बांधी कांहीं नवलाची नव्हे. अशी वीस मीटरांची बांधी उपग्रहाच्या चौकोनांशीं तंतोतंत जुळली नाहीं, तर तींत संपूर्ण बसणारा चौकोन एखादाच निघतो. बाकीच्यांत धुरा, शेजाऱ्याचें पीक व झाडांची सावली मिसळलेली असते. तेव्हां एका बांधीवरून अनुमान काढूं नये. पांचदहा एकरांचा सलग पट्टा घेतल्यास चित्र बोलतें.

तें काय बोलतें, तेंही समजून घेतलें पाहिजे. हिरवें, निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेतें आणि डोळ्यांस न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडला प्रकाश मोठ्या प्रमाणांत परत फेंकतें. पीक आजारी पडलें कीं हा मेळ बिघडतो. या दोन प्रकाशांच्या तुलनेवरून पिकाच्या जोमाचा आंकडा काढतात. परंतु तो आंकडा रोगाचें नांव सांगत नाहीं. तुडतुडे लागले, पाणी तुटलें किंवा रोवणी उशिरां झाली, तरी तो खालींच येतो. म्हणून प्रतिपक्षाचा वकील 'हें किडीमुळें झालें' असें म्हणणारच, हें धरून चालावें. त्यास उत्तर तुलनेचें आहे. दूषित पाणी जेथें नाल्यास मिळतें त्या मुखाच्या वरचीं शेतें व खालचीं शेतें, तसेंच नाल्याचें पाणी घेणारीं व बोडीचें पाणी घेणारीं शेतें, त्याच तारखेच्या चित्रांत शेजारीं शेजारीं ठेवावीं. कीड मुखाच्या वर-खालीं असा भेद करीत नाहीं, पाणी करतें.

पावसाळ्याची अडचण

आमच्याकडे धानाचें नुकसान बहुधा आषाढ-श्रावणांत होतें, आणि नेमकें तेव्हांच आकाश झांकलेलें असतें. नागपूरजवळील कोराडी औष्णिक वीज केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध जुलै २०२२ मध्यें अतिवृष्टीच्या दिवसांत फुटला, आणि राख मिसळलेलें पाणी आसपासच्या भागांत पसरून पुढें कन्हान नदीस मिळालें. अशा प्रसंगीं राख कोणत्या शेतापर्यंत गेली होती, हा प्रश्न भरपाईच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा असतो; आणि पुढच्या दोन पावसांनीं तीच खूण धुवून जाते.

ढगांतून पलीकडचें दिसावें म्हणून सेंटिनेल-१ हे निराळे उपग्रह आहेत. ते प्रकाशावर अवलंबून नसून स्वतः लहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनि टिपतात, त्यामुळें रात्रीं व ढगांतूनही पाणी कोठवर पसरलें तें बरेंच कळतें. परंतु तें पाणी राखेचें कीं नुसत्या पुराचें, हें त्यांस सांगतां येत नाहीं. म्हणून पावसाळ्यांत जमिनीवरील पुरावा उपग्रहाहून मोलाचा होय. राखेच्या थराची जाडी पट्टी लावून मोजावी, पट्टीसह छायाचित्र घ्यावें व त्या जागेचे अक्षांश-रेखांश त्याच वेळीं लिहून ठेवावे. पावसापूर्वींचें व उघडीप पडल्यावरचें अशीं उपग्रहाचीं दोन स्वच्छ चित्रें मागाहून त्यास जोडावीं.

गांव-नकाशाशीं मेळ

येथें कारकुनाच्या अनुभवाचा थोडा उपयोग होण्याजोगा आहे. जुन्या मध्यप्रांतांतील गांव-नकाशे एका मैलास सोळा इंच या प्रमाणावर काढलेले आहेत. त्या हिशेबानें नकाशावरील एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरील सुमारें चार मीटर होतात. पेन्सिलीची अर्ध्या मिलिमीटरची रेषाच दोन मीटर जागा व्यापते. शिवाय या नकाशांवर अक्षांश-रेखांश नसतात. तेव्हां ते उपग्रहाच्या चित्रावर बसवावयाचे झाल्यास दोहोंत दिसणाऱ्या पक्क्या जागा हुडकाव्या लागतात. जुनी विहीर, रेल्वेचा पूल, तलावाच्या पाळीचा कोपरा या चांगल्या. गांवाच्या हद्दीचे मुनारे व मोजणीचे चांदे जागेवर शाबूत असल्यास त्यांहून उत्तम. ते वरून दिसत नसले तरी जमिनीवर उभें राहून त्यांचें स्थान घेतां येतें. अशा चारपांच जागा गांवभर विखुरलेल्या असाव्या. सगळ्या एकाच बाजूस घेतल्या तर दुसरी बाजू सरकते.

मोबाईलचें जीपीएसही अचूक समजूं नये. उघड्या माळावर तें सुमारें पांच मीटरांत बरोबर असतें. परंतु आमच्या दरेकसा येथल्यासारख्या डोंगराच्या कुशींत व दाट झाडीखालीं त्याची चूक याहून पुष्कळ वाढते. म्हणून धुऱ्याच्या तंट्यास तें निरुपयोगी आहे. दूषित पाण्याच्या तंट्यास तें चालतें, कारण तेथें पांच मीटरांचा प्रश्न नसून खसरा कोणता, हा प्रश्न असतो. मात्र हद्दीच्या अगदीं कडेला उभें राहून नोंद घेऊं नये. बांधीच्या मध्यभागीं घ्यावी.

उपग्रहाचें चित्र व महसुली नकाशा यांचा मेळ न्यायालयांसही हवा असतो, याचें मोठें उदाहरण आपल्याच राज्यांतील आहे. मुंबई व नवी मुंबईच्या खाड्यांतील तिवरांची झाडें तोडून तेथें भराव टाकला जात असल्याबद्दल बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेनें मुंबई उच्च न्यायालयांत दाद मागितली. ६ ऑक्टोबर २००५ च्या आदेशानें न्यायालयानें तिवरांची तोड थांबविली, आणि नागपूर येथील महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राकडून उपग्रहाच्या साह्यानें त्यांचे नकाशे करवून घेऊन ते सर्व्हे नंबरांशीं जुळविण्यास सांगितलें. याचें कारण उघड आहे. झाडें नाहींशीं झालीं एवढें चित्रावरून कळलें, तरी कोणाच्या ताब्यांतील जमिनीवर झालीं तें कळल्याखेरीज आदेश कोणास द्यावयाचा? या दाव्याचा शेवटचा निकाल १७ सप्टेंबर २०१८ रोजीं तिवरांच्या रक्षणाच्या बाजूनें लागला.

कायद्याची दृष्टि

पुराव्याच्या कायद्यांत नकाशांचे दोन वर्ग आहेत. सरकारच्या अधिकारानें तयार झालेला नकाशा बरोबर आहे, असें न्यायालय प्रथमतः धरून चालतें. परंतु एखाद्या दाव्याकरितां मुद्दाम तयार केलेला नकाशा बरोबर आहे, हें सिद्ध करावें लागतें. हा नियम १८७२ च्या कायद्याच्या ८३ व्या कलमांत होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतही तो कायम आहे. तेव्हां आपण रंगवून नेलेला नकाशा कितीही सुबक असला तरी तो कोणीं, कोणत्या चित्रावरून व कोणत्या रीतीनें केला, तें सांगणारा माणूस साक्षीस उभा राहिला पाहिजे.

दुसरी गोष्ट प्रमाणपत्राची. संगणक किंवा मोबाईल यांतील नोंदीची प्रत पुराव्यांत द्यावयाची असल्यास विहित प्रमाणपत्र जोडावें लागतें. जुन्या कायद्यांत हें ६५-ब कलम होतें. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीच्या वादांत, अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणीं, सर्वोच्च न्यायालयानें १४ जुलै २०२० रोजीं हें प्रमाणपत्र आवश्यक असल्याचें स्पष्ट केलें. मात्र मूळ यंत्रच तें बाळगणाऱ्यानें न्यायालयांत हजर केल्यास त्याची गरज नाहीं. आतां तीच तरतूद नव्या कायद्याच्या ६३ व्या कलमांत आहे. नव्या नमुन्यांत दोन भाग असून एक यंत्र बाळगणाऱ्यानें व दुसरा तज्ज्ञानें भरावयाचा असतो, आणि त्यांत फाईलीचा 'हॅश' लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाईलीच्या मजकुरावरून संगणकानें काढलेला लांब आंकडा. फाईलींत एका बिंदूचा फरक झाला तरी तो बदलतो. लाखेच्या मोहोरेसारखेंच त्याचें काम.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, ज्याचें आपल्या राज्याकरितां असलेलें पीठ पुण्यास आहे, तें २०१० च्या आपल्या कायद्यान्वयें पुराव्याच्या नियमांनीं बांधलेलें नाहीं. म्हणून तेथें प्रमाणपत्राच्या उणिवेनें सर्वस्व जात नाहीं. परंतु नियम सैल असले तरी शंका सैल होत नसते. ज्या छायाचित्राचें मूळ दाखवितां येत नाहीं, त्याचें वजन तेथेंही कमीच भरतें.

नमुन्यावांचून नकाशा पांगळा

पाणी अमक्याच कारखान्याचें, हा पहिला प्रश्न मात्र प्रयोगशाळेवरच सुटतो. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणें प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानें कारखानदारास सूचना देऊन, त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करून, ते मोहोरबंद करून व त्यांवर सह्या घेऊन प्रयोगशाळेकडे पाठवावयाचे असतात. ही रीत पाळली नाहीं तर तपासणीचा निष्कर्ष पुराव्यांत घेतां येत नाहीं. आपण स्वतः भरलेली बाटली या नमुन्याची जागा घेऊं शकत नाहीं. ती अधिकाऱ्यास लवकर बोलावून आणण्याचें साधन होय. अधिकारी आल्यावर मुखाच्या वर, मुखाशीं व खालीं आपल्या शेतांत, अशा तीन ठिकाणचे नमुने घेण्याची लेखी विनंति करावी, आणि प्रत्येक ठिकाणाचे अक्षांश-रेखांश पंचनाम्यांत लिहवून घ्यावे. वरचें पाणी स्वच्छ, मुखाशीं दूषित आणि शेतांतही त्याच घटकांनीं दूषित, असें तिन्ही अहवालांनीं सांगितलें व तीं तिन्ही ठिकाणें नकाशावर एका ओळींत बसलीं, म्हणजे तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें एकाच कागदावर मिळालीं.

शेतकऱ्यानें काय करावें

(१) नुकसान होण्यापूर्वींची स्थिति नोंदवून ठेवावी. १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणींत आपलें पीक शेतांत उभें राहून, छायाचित्रासह दरवर्षीं स्वतः नोंदवावें. सरकारदरबारीं तारखेसह असलेली ती नोंद वेळेवर कामास येते.

(२) मोबाईलचें स्थान चालू ठेवून छायाचित्रें घ्यावीं. एक जवळून, एक दुरून, व ज्यांत विहीर, पूल किंवा मोठें झाड येईल असें एक.

(३) मूळ फाईल त्याच मोबाईलांत ठेवावी, तिची एक प्रत निराळ्या जागीं काढावी, आणि दावा संपेपर्यंत मोबाईल विकूं नये. संदेशाच्या ॲपवरून छायाचित्र म्हणून पाठविलेल्या प्रतींतून स्थानाची माहिती बहुधा गळून जाते.

(४) त्याच दिवशीं तलाठी व ग्रामपंचायत यांस लेखी कळवून पोंच घ्यावी, आणि मंडळाकडे तक्रार करावी. तींत मौजा, खसरा क्रमांक, पाण्याची दिशा व वेळ लिहावी.

(५) उपग्रहाचीं चित्रें घरबसल्या पहातां येतात, परंतु न्यायालयांत द्यावयाचा नकाशा जाणत्या माणसाकडून करून घ्यावा. चित्र कोणत्या उपग्रहाचें व कोणत्या तारखेचें, हें त्यावर लिहिलेलें असावें. संगणकावर सहज दिसणारें चित्र पुष्कळदां निरनिराळ्या तारखांच्या तुकड्यांचें असतें.

(६) मुदत विसरूं नये. हरित न्यायाधिकरणापुढें पर्यावरणाचा वाद कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आंत, आणि भरपाईचा अर्ज पांच वर्षांच्या आंत नेला पाहिजे. सबळ कारण दाखविल्यास दोन्हींत साठ दिवसांची सवलत मिळूं शकते.

हीं कामें एकट्यादुकट्यानें करण्याजोगीं नाहींत. नाल्याच्या कांठचे दहा शेतकरी एकत्र झाले, तर दहा ठिकाणच्या नोंदी होतात, तज्ज्ञाचा खर्च वांटला जातो, आणि उपग्रहाचें चित्र वाचण्यास लागणारा सलग पट्टाही आपोआप मिळतो. आपल्या संस्थेच्या सभासदांनीं आपआपल्या गांवचा नाला, त्यावरील कारखान्यांचीं मुखें, विहिरी व बोड्या यांचा एक नकाशा या उन्हाळ्यांतच, तंटा नसतांना, करून ठेवावा अशी सूचना आहे. तंटा उपस्थित झाल्यावर काढलेल्या नकाशाकडे सर्व जण संशयानें पहातात. आधीं काढून ठेवलेल्याकडे तसें पहातां येत नाहीं. त्या दोघां भावांपाशीं असा एक कागद असता, तर तो अर्ज मला इतक्या लौकर फाईलीस लावावा लागला नसता.

— एक सेवानिवृत्त महसूल कारकून, दरेकसा